दोन वर्षांनी एकदा

फ्रेझ्नो. धुकं इतकं दाट
की समोरचं गॅरेजही अंदाजानंच ओळखायचं.
वार्तकेस खाटेखालून ओढतो
डाळिंबांचं जुनं खोकं;
टॉवेलात गुंडाळलेला, कंपनीचा मूळ मॅनिफोल्ड.

टर्बो उतरवायला सहा तास.
मनगटावर नवा चटका, गेल्या खेपेच्या शेजारी.
पहाटे ब्याण्णवची होंडा पुन्हा
गरीब गाय.

तपासणीला नोएमी ओचोआ.
गाडी रोलरवर पळवते,
धुराड्यात नळी खुपसून आकडे बघते.
आकडे सोवळ्यातले.
मग बॉनेट उघडते
आणि बराच वेळ काहीच बोलत नाही.
अख्खं इंजिन तेलकट, काळंकुट्ट,
फक्त पाच नट
घासून पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे लखलखीत.

“नवे?”
“जुने गंजले होते.”
ती बॅटरी विझवते. छापलेला कागद फाडून देते.
“माझ्या भावाचेही गंजतात,” म्हणते,
“दर दोन वर्षांनी. अगदी तारखेला.”

परतताना पुलाच्या चढावर
संत्र्यांनी लादलेला एक ट्रक
त्याला सावकाश मागे टाकतो.
वार्तकेस खिशातला कागद चाचपतो,
आणि डावीकडं सरून
त्याला जाऊ देतो म्हणायचं, तर
तो आधीच गेलेला असतो.