चार कोर, आठ धागे

नव्या पेठेत हत्तरकींच्या दुकानात
काचेखाली तीन प्रोसेसर,
शेंगापोळीच्या चौकोनी तुकड्याएवढे.
किमती मात्र तशा नाहीत.

माझ्याजवळ नऊ हजार.
टॉवेल कारखान्याचा बोनस अकरा आला होता,
दोन अम्माच्या दाढेला गेले.

"मॅडम, हा मोठा घ्या," मल्लिनाथ म्हणतो,
"उद्या गेम खेळायचं म्हणलं तर?"
कोण खेळणार गेम?
घरात आम्ही तिघं, आणि नायनांना बघायचंय
करीमनगरच्या मावसभावाच्या नातवाचं बारसं,
ते कुणीतरी हौसेनं फोर-केमध्ये काढलंय.
आमच्या जुन्या डब्यावर ते दर चार सेकंदांनी अडतं.
बाळ तोंड उघडतं,
आणि ते उघडंच राहतं.
"तिकडं लाइट गेली का काय?" अम्मा विचारते.

म्हणून तीन रात्री वाचत बसले.
पासष्ट वॅट, पस्तीस वॅट,
कुणाच्या पोटातच ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड नको,
कोण नवा व्हिडिओ सहज उलगडतो
आणि कुणाला घाम फुटतो.

घाम हा इथं मुद्दाच आहे.
एप्रिलात आमच्या पत्र्याखाली बेचाळीस,
आणि कॅबिनेट जेवणाच्या डब्याएवढं,
टीव्हीच्या मागं, व्यंकटेशाच्या तसबिरीखाली.
तिथं तापट डोकं बसवलं
तर दिवसभर पंखा घरघरणार.

घरघर मला नको होती.
अशोक चौकामागच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं चोवीस मागांची खडखड
नायनांच्या कानांत साठत गेली.
आता हाक मारायची ती डाव्या बाजूनं.
उजवा कान कारखान्यातच राहिला.

रात्री जेवताना सांगितलं,
चार कोर आहेत त्याला.
अम्मा कडक भाकरी मोडत होती.
"चार चतकोर म्हणजे अख्खी भाकरीच की."
आणि आठ धागे.
नायनांनी माझे ओठ वाचले. हसले.
"आठ धाग्यांत कसलं कापड?
रुमालाची किनारसुद्धा व्हायची नाही."
मग बराच वेळ आमटीत बोट फिरवत राहिले.
"तुटतात का?"

मला माहीत नव्हतं.

शेवटी तिन्हींतला एकही घेतला नाही.
मल्लिनाथनं खालच्या खणातून चौथा काढला,
बँकेच्या बंद झालेल्या शाखेतून आलेला,
पस्तीस वॅटचा, चार हजार दोनशे.
"ह्यानं आयुष्यभर पासबुकं छापली," म्हणाला,
"आता जरा पिक्चर बघू द्या त्याला."
तासभर चालवून दाखवला,
बिलावर पेनानं सहा महिने लिहून दिले.

पेस्ट लावताना माझा हात थरथरला.
अम्मानं ट्यूब काढून घेतली.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं,
तंबाखू चिमटीनंच मोजणारी.
"किती?"
तांदळाएवढी.
तांदळाएवढीच पडली, बरोब्बर मधोमध.

बटण दाबलं.
मी डब्याला कान लावून बसले.
काही नाही. छताच्या पंख्याचा आवाज,
गल्लीत कुणाची तरी लुना.
नायना टीव्हीकडं बघतच नव्हते.
त्यांनी तळहात झाकणावर पसरून ठेवला,
जॉबर होते तेव्हा मागावर ठेवायचे तसा,
डोळे मिटून.
"हं. नीट चाललंय."
आत हलणारं काहीच नाही, हे मी सांगितलं नाही.

पडद्यावर बाळानं तोंड उघडलं,
या वेळी मिटलं,
परत उघडलं.
"रडायलंय का?"
मी आवाज वाढवला. तीस. चाळीस.
शेजारच्या गड्डमांचं कुत्रं भुंकायला लागलं.
पन्नास.
तीन रात्री मी शांतता शोधत होते, आणि आता
भिंतीवरची तसबीर थरथरत होती.
साठवर नायना म्हणाले,
"हां."