तिथीची पाऊणपट

बाबा पहिल्यांदा नाशकात आला तेव्हा
रामकुंडाच्या पायरीवर बसून तासभर पाणी बघत राहिला.
मग म्हणाला, "कवा येते गो भरती हितं?"
शेजारी तांब्या घासणारा माणूस हसला.
मी म्हटलं, इथं येते ती धरणातून.
आधी भोंगा वाजतो, क्युसेकचा आकडा सांगतात,
मग दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर
गाव पाणी मोजतं.
"म्हंजे सरकार सोडतं,"
बाबाने नदीवरून नजर काढून घेतली.

समुद्र तसा लांब नाही.
ब्रह्मगिरीवरून कावळा सरळ मावळतीला उडाला
तर अंधाराआधी पोचेल.
ही बाई मात्र तिथंच जन्मून
त्याच्याकडं पाठ करून निघाली ती निघालीच.

माझं काम भूजलाचं.
मखमलाबादला, द्राक्षबागेच्या बांधाशी,
एकशे दहा मीटरचं निरीक्षण-बोअर.
आत सेन्सर. दर पंधरा मिनिटांनी एक आकडा.
आसपासचे पंप चालू असतात तोवर आलेख नुसता करवतीचा.
पण मागल्या मार्गशीर्षात डीपी जळाला,
नऊ दिवस शिवारात वीज नव्हती,
आणि कागदावर उमटली एक संथ रेघ,
दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली,
बोटाच्या पेराएवढी.
पिंगळे साहेब म्हणाले, सेन्सर गेलाय, नवा मागवा.

आलेख घरी आणला.
बाबाने चष्मा पुसला, रेघेवरून अंगठा फिरवला.
"रोज पाऊण तासावर उशीर करते.
आन् ही बघ, अष्टमीला खांदे पाडून बसली. भांग हाय ह्यो.
आवसेला उधाण.
कोनचं बंदर गो?"

मखमलाबाद, मी म्हटलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग जन्मभर अडलेलं विचारलं:
"तिथीची पाऊणपट केली का भरतीची येळ मिलते, त्ये म्हाईत हाय.
पन चांद एक, आन् भरत्या दोन.
तो पायाखाली असतो तवाची कोन उचलतो?"

आठव, ब्रह्मगिरीच्या पायऱ्या.
आपण तिघं हात धरून. पुढं निनाद, माकडं बघायच्या घाईत,
मध्ये मी, मागं तू, गुडघे सांभाळत.
पुढचा जोरात ओढला जात होता,
मी त्याहून कमी, तू सगळ्यात कमी.
माझे दोन्ही हात ताणले.
तुला मागं कुणी खेचत नव्हतं, बाबा.
तू फक्त मागं राहिलास.
तीच दुसरी भरती.

"आन् सूर्य? तो तर केवढा थोरला."
थोरला, पण फार लांबचा.
इतक्या लांबून त्याला पुढचा आणि मागचा जवळजवळ सारखेच.
त्याचा हिस्सा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.
आवसेला, पुनवेला दोघं एका रेघेत येतात,
अष्टमीला काटकोनात उभे राहून
एकमेकांचं केलेलं मोडतात.

पण इथं पाणी नाही, काळा पाषाण ताणला जातो.
चंद्र माथ्यावर आला की भेगा केसाहून बारीक उघडतात,
पाणी त्यांत सरकतं, बोअर उतरतं.
तुमच्याकडचं उधाण ती आमची ओहोटी.
"उलटंच की सगलं."
उलटंच. सासर आहे माझं.

तो हसला. मग हळूच:
"म्हंजे ही जमीन पन चढते?"
वीतभर. मुंबई नाका, धरणाची भिंत, काळाराम, हा पलंग, तू.
सगळंच एकदम चढतं म्हणून कुणाला कळत नाही.
"होडीतल्याला होडी चढलेली कलत नाय.
धक्का बघावा लागतो."
आमच्याकडं धक्का नाही. एवढं एक भोक आहे.

त्याने बोटांच्या पेरांवर मोजलं.
द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ.
टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. तो उठला,
दार उघडून बाहेर गेला,
आणि अंगणात सोडलेल्या चपला उचलून
वरच्या पायरीवर ठेवल्या.
आधी माझ्या, मग निनादच्या,
मग स्वतःच्या.