गाडी काय खाते

गाशे देम्सेव आधी वास घेतात.
झाकण उघडतात, वाकतात,
त्या काळ्या तोंडाशी नाक नेतात,
दूध नासलंय का बघावं तसं.
"जळलेलं नाही," म्हणतात. "नुसतं रुसलंय."

फिकादू दोन रात्री झोपलेला नाही.
टॅक्सी उभी, हप्ता चालू.
विजेला शिव्या घालून झाल्या, भिंतीवरच्या खोक्याला घालून झाल्या,
गाडी ज्या देशातून आली त्यालाही दोन हासडल्या.
मग ढकलत सारिसच्या चढावर आमच्याकडे आला.

गाशेंची तीस वर्षं निळ्या लाडा टॅक्सींखाली गेली.
लाडाला लाथ कळायची.
हिला कळत नाही, हे शिकायला त्यांना एक पावसाळा लागला
आणि एक बोट, जे अजून नीट वाकत नाही.
म्हणून नारिंगी खटका आता मीच काढते, जाड हातमोज्यांनी,
आणि खिशात ठेवते.
तो माझ्या खिशात आहे तोवर कुणी काही जोडणार नाही.

मग दहा मिनिटं नुसतं थांबायचं,
आतली उरलीसुरली वीज निवेपर्यंत.
मी घड्याळं बघते.
माझ्या मनगटावर सकाळचे चार,
फिकादूच्या फोनवर दहा,
गाडीच्या पडद्यावर दुपारचे तीन.
ती अजून तिच्या कारखान्याच्या वेळेत राहते.
बदलायला कुणी गेलं नाही; ती अक्षरं आम्हाला लागत नाहीत.

सात भोकं. पाच जाड, दोन बारीक.
जाड भोकांचा मान मोठा, वीज त्यांची.
बारकी नुसती विचारपूस करतात:
आलीस का? नीट बसलीस का? सोडू का?
उत्तर आलं नाही तर भिंत ढिम्म.
"बरोबर आहे तिचं," गाशे म्हणतात,
"दार वाजवल्याशिवाय पाहुण्यानंही आत येऊ नये."

बॅटरीच्या उजेडात एका बारक्या भोकात काही चमकतं.
चिमटा. श्वास धरून. पुन्हा चिमटा.
बाहेर येतो चॉकलेटचा चंदेरी कागद,
तांदळाच्या दाण्याएवढा घडी घातलेला.
फिकादू टायरवर बसतो.
"हेरान," म्हणतो. वय चार.
परवा तिनं विचारलं होतं, गाडी काय खाते.
यानं झाकण उघडून दाखवलं होतं, इथून खाते.

आम्ही हसलो, पण तेवढ्यानं भागलं नाही.
कागदामागे हिरवट बुरशीसारखा गंज,
गंजामागे ओल,
ओलीमागे फाटलेली रबरी कडा,
आणि तिच्यामागे कोपऱ्यावरची धुलाईवाली पोरं,
जी पाण्याची तोटी थेट तोंडात धरतात.
मी फवारा मारला, बारीक ब्रशनं घासलं,
वारा घातला, पुन्हा घासलं.
रबर बाजारात मिळेना,
गाशेंनी मागच्या सांगाड्यातल्या लाडाच्या दाराचं कापलं.
बसलं. जन्मभर तिथंच असल्यासारखं.

"ओल्या हातानं नको. वायर हिसडून काढायची नाही.
झाकण लावताना खट् ऐकू आलं पाहिजे," मी सांगते.
फिकादू मान हलवतो, ऐकत नाही.
चंदेरी दाणा त्यानं शर्टाच्या खिशात टाकलाय.

खटका परत बसवला. वायर लावली.
आणि त्याच क्षणी पलीकडचा पंखा थांबला,
चक्कीवाल्याची चक्की थांबली,
अख्ख्या गल्लीतून एकच "अरे!" उठला.

"झालं का?" फिकादू विचारतो.
"आमच्याकडचं झालं," गाशे म्हणतात,
आणि डोक्यावरच्या तारांकडे हनुवटी उचलतात.

मी तिसऱ्यांदा खिसा चाचपते,
खटका खरंच परत बसवला ना.