निव्वळ वजन

उदगीरच्या मोंढ्यामागं आमचा काटा. साठ टनी.
मी रात्रपाळीला.
गाडी चढते, लाल आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती काढतो: भरलेली, रिकामी, निव्वळ.
दोन गाड्यांच्या मधी जेवढी रात्र उरते
तेवढीच माझी कथा.

लिहितो चुकलेल्या पावत्यांच्या पाठीवर.
एकीवर अकरा ओळी बसतात.
खाजावरची कथा छत्तीस पावत्यांची झाली.

खाजा म्हणजे गुंडप्पाच्या गाडीवरचा क्लीनर, बीदरकडचा.
तुरीच्या पोत्यांवर झोपलेला असतो.
वजनाला खाली उतर म्हटलं तर डोळे न उघडता म्हणतो,
"हमारा क्या वजन जी."
खरंच आहे.
भरलेल्या गाडीत तो, रिकाम्या गाडीत तो,
निव्वळमधून आपसूक वजा.
ह्याच्यावरच सुचली होती कथा.

पत्त्यांची वही वेगळी आहे.
नांदेडच्या साप्ताहिकाची पुरवणी बंद पडली,
पत्ता मात्र मी खोडलेला नाही.
पुण्याचं त्रैमासिक म्हणतं, आधी वर्गणीदार व्हा, मग वाचू.
एका स्पर्धेनं तीनशे रुपये प्रवेश फी घेतली
आणि प्रमाणपत्र पाठवलं, जाड कागदाचं,
त्यात मन्मथ बिरादारचा मनोहर बिराजदार.
आईनं ते तरीपण देवळीत ठेवलंय.
दिवाळी अंकवाले ज्येष्ठातच मागतात,
तवा मोंढा ओस, काट्यावर कुत्री झोपतात.
हस्तलिखित नको, युनिकोडमधी पाठवा म्हणतात.

मग बसस्टँडपाशी अनुसयाबाईंकडं.
पानाला वीस रुपये. पावत्या चष्म्याजवळ धरून
त्या टाइप करत गेल्या, आणि एकदाच थांबल्या:
"हे पोरगं शेवटी जातंय कुठं हो?"
मला माहीत नव्हतं.
इतक्या वर्षांत कथेबद्दल मला कुणी विचारलेली
तेवढी एकच गोष्ट.

सव्वा महिन्यानं उत्तर आलं.
कथा आवडली. मर्यादा पंधराशे शब्दांची.
क्लीनरचं पात्र काढल्यास घट्ट होईल.
मानधन देता येणार नाही, अंकाची एक प्रत.

दोन रात्री मी नुसता काट्याकडं बघत बसलो.
तिसऱ्या रात्री काढलं.
खोटं कशाला बोलू, घट्ट झाली.
ड्रायव्हर राहिला, रस्ता राहिला, तुरीची पोती राहिली.
अनुसयाबाईंनी नव्यानं टाइप केलं.
ह्या बारीला काही विचारलं नाही.

अंक आला तवा सोयाबीनची गर्दी होती,
गाड्यांची रांग पार पेट्रोलपंपापर्यंत.
खाजाला कुणी सांगितलं काय माहीत.
केबिनमधी आला, हात पॅन्टीला पुसले,
मोबाईलची बॅटरी पानावर धरली.
मराठी त्याला वाचता येत नाही.
"नाम किधर है? उंगली रखो."

माझं बोट सगळं पान फिरलं
आणि "पोती" ह्या शब्दावर थांबलं.
त्यानं त्या दोन अक्षरांकडं लई वेळ बघितलं.
"इत्ताच?" म्हणाला.
मग हसला. "छोटा है, मगर है."

पहाटं त्यांची गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली.
खाजा वर, रिकाम्या हौद्यात आडवा.
मी केबिनमधून ओरडलो, उतर.
गुंडप्पा बघतच राहिला.
पोरगं उतरलं, थंडीनं काखेत हात घालून
काट्याच्या कडेला उभं राहिलं,
आकडा हलला, आणि निव्वळमधी
पन्नास किलो जास्तीचे आले.

अडत्याच्या मुनिमानं बरोबर धरलं.
परत वजन करावं लागलं, खाजा वर,
माफी मागावी लागली.

पहिली पावती रद्द.
ती माझ्या वरच्या खिशात आहे.
पाठ कोरी आहे अजून.
अकरा ओळी बसतील.