ढ

वर्गात त्याला ढ म्हणतात.
हे एकच अक्षर
त्याला कधी चुकलं नाही.

तांबळडेगला मी मंगळवारी जाते,
देवगडहून सकाळची एसटी, मग वाळूतून चालत.
पिशवीत सँडपेपरची अक्षरं, मातीचा गोळा,
मधे खिडकी कापलेला पुठ्ठा,
आणि एक हजेरीचा कागद, ज्यावर माझं पद
दोन ओळींतही मावत नाही.
मुलांनी ते सोपं केलंय:
'गौरेशची बाई इली.'

गौरेश तारी. इयत्ता चौथी.
किनाऱ्यावरच्या सव्वीस होड्यांची नावं
लांबून सांगतो, धडाधड,
म्हणून घरी कुणाला शंकाच आली नाही.
मी तीच नावं वहीत काळ्या शाईने लिहिली.
रंग गेले, नाळेचा बाक गेला.
तो गप्प.

मग हळूच: 'बाई, अक्षरां हलतत.'
कशी रे?
त्याने कुंपणापलीकडे बोट केलं.
दोरीवर मोरीची कापं वाळत होती
आणि वारा सुटला होता.

मी दोरीच काढली.
शिरोरेषा न देता लिहिलं सगळं,
सुटं सुटं, मोठं, मधे भरपूर जागा.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले,
हे काय, सगळ्यांची डोकी उडवलीत?
समजावलं असतं. पण त्यांची गाडी चालू होती.

ओहोटीनंतरची ओली वाळू सगळ्यात बरी.
दोन बोटं, हात खांद्यापासून,
आणि तोंडाने आवाज: भ. भ. भ.
भ ला वर मुरड असते,
म ला नसते.
'तुमकाय नाय?' म्हणून तो हसला, पहिल्यांदाच.
लाट येते, पुसून जाते.
लाटेकडे लाल पेन नाही.

त्याच्या आईने टोपली खाली न ठेवता विचारलं,
'डोक्यात काय कमी आसा ह्याच्या?'
कमी काही नाही, म्हटलं. वाट निराळी आहे,
ती रोज थोडी थोडी दाखवावी लागते.
औषध नाही. देवाला गाराणंही नको.
ती म्हणाली, 'गाराणा तर घालून झाला.'

दिवाळीआधी वेलांटीवर अडलो.
'मि म्हणताना म आधी येता,
मगे ही बाय पुढे कित्याक उभी?'
बावीस वर्षं शिकवतेय,
हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.
मी नियम आठवत राहिले.
तो रापण ओढणाऱ्यांकडे बघत होता.
'बाई, दोर आधी येता. म्हावरा मागसून.'
तेव्हापासून पहिली वेलांटी म्हणजे दोर.
दुसरीचं अजून नक्की नाही.

चाचणीत वीसपैकी सहा.
जास्त वेळ मागितला तर गुरुजी म्हणाले,
बाकीची पोरं बोलतील हो.
म्हटलं, तुमच्या चष्म्याला बोलतात का?
त्यांनी चष्मा काढून पुसला.
पुढच्या वेळी बघू, म्हणाले.

डिसेंबरात काकाने होडी रंगवली,
निळीची पिवळी केली, नावही बदललं.
कुणी त्याला सांगितलं नव्हतं.
उभा राहिला समोर, पुठ्ठ्याची खिडकी नावावर धरून.
दोन बोटं हवेत फिरली.
'द.'
खिडकी सरकली.
'या. दया.'

मी काही बोलले नाही.
जिभेवर आलं होतं, तरी नाही.
समुद्रावरून होडीवर ऊन परतत होतं.
त्याने खिडकी खाली घेतली,
वर पाहिलं: या च्या माथ्यावर
एक गळ अडकलेला.
ओठ हलले. परत मागे गेला,
द पाशी, आणि तिथून पुन्हा निघाला.
'दर्… या.
दर्या.'
आणि वळून मागे बघितलं,
तो आहे ना तिथे, म्हणून.

नावात अजून तीन अक्षरं होती.
माझी बाराची एसटी होती.
'ता मंगळवारी,' म्हणाला,
आणि खिडकी माझ्या पिशवीत न ठेवता
स्वतःच्या खिशात घातली.