सोडलंय की

खांदं सोड, वस्ताद म्हणतात.
सोडलंय की, मी म्हणतो.
मग दोघंही थोडा वेळ गप्प,
कारण खांदे कानाच्या पाळीपाशी तसेच,
बोलावलं नसताना
दारात येऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्यांसारखे.

बावीस वर्षं हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडतोय.
कडी ज्वारीच्या दाण्याएवढी,
डाग देताना श्वाससुद्धा मोजून.
कामात मान वाकते, ते ठीक.
पण एस.टी.त खिडकीशी बसलो तरी,
जेवताना, देवापुढं,
अगदी झोपेतसुद्धा.
मालन सांगते,
दात आवळलेले, मुठी वळलेल्या,
कुणासंगं भांडताय ओ रातभर?
भांडत असतो तर
निदान त्याचं नाव तरी कळलं असतं.

डॉक्टरनं फोटो काढला. मणके सरळ.
ताण घेऊ नका, म्हणाला,
जसा काही मी तो
बाजारातून पिशवी भरून आणतो.

वस्तादांचा अंगठा वाकडा,
कधीतरी आखाड्यात निखळलेला.
तो पाठीच्या कडेकडेनं उतरतो,
एका जागी थांबतो.
हितं गाठ हाय. कवाधरनं?

आठवत नाही.
अण्णांना सीपीआरला नेलं ती रात्र असेल,
किंवा चांदी चढली
आणि शेटजींनी काम निम्म्यावर आणलं ती दिवाळी.
किंवा काहीच नसेल.
गाठीला तारीख असतेच असं नाही.

तेलाला कापराचा वास, तालमीला मातीचा.
उठलो तेव्हा मान हलकी होती.
सदऱ्याची वरची गुंडी लावेपर्यंत
परत होती तशी.

रात्री गंगावेशीत पेला घेऊन उभा राहिलो.
गवळ्यानं समोरच धार काढलेली,
फेस अजून काठावर.
म्हशीच्या खांद्यावर माशी बसली.
मान हलली नाही, शेपूट हललं नाही,
फक्त तेवढंच कातडं, तळहाताएवढं,
थरथरलं.
माशी उडाली.
कातडं स्वस्थ.
पुन्हा माशी.
पुन्हा थरथर.
पुन्हा स्वस्थ, मागचं काही ध्यानात न ठेवता.

दूध निवालं की ओ, गवळी म्हणाला.

मग तीच माशी, नाहीतर दुसरी,
माझ्या मानेवर येऊन बसली.
हात वर निघाला होता,
तो धरला.
म्हटलं, बघू.