सूर्याची कॉफी

दोन महिने डोंगराआड बसलेला सूर्य
आज येणार, आमच्या गल्लीत, अकरा मिनिटं.
फ्योर्डच्या या टोकाला हा सण असतो:
घरोघरी कॉफी, पातळ गोड धिरडी,
आणि स्टेनवोर काच पुसतेय, पुसतेय.

मला विचाराल तर माझा सण आज संपतो.

मासळीच्या कारखान्यातली ट्यूबलाइट
मला दिसायच्या आधी ऐकू येते,
मग दाढेत उतरते.
नगरपालिकेनं रस्त्याला नवे पांढरे दिवे लावले,
खरंच दिवे लावले!
खांब वरून मारतो, बर्फ खालून.
मेणबत्तीशी मात्र माझं भांडण नाही.
बोटीच्या शेंड्यावरचा लाल ठिपका,
सकाळी अकराला होणारं झुंजुमुंजू,
यांना मी दार उघडते.

गेले तरीही. टोपी भुवयांपर्यंत, पाठ खिडकीला.
"आला!" कुणीतरी ओरडलं
आणि समोरच्या भिंतीवरचा आरसा पेटला.

थोर्गिल्स काही बोलला नाही.
खुर्ची सरकवली वीतभर,
आरशाआड त्याची रुंद पाठ आली.
धिरडं मी त्या सावलीत खाल्लं,
साखर कुरकुरत होती.
ऊन सगळं त्याच्या तोंडावर;
डोळे किलकिले करून तो
जाळ्यांच्या भावाबद्दल बोलत राहिला.